राखायचे तिघे

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, इकबालभाईंना नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्या विश्रामदादांना तर नाहीच. तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका दुपारी मी दादांना एक बातमी वाचून दाखवली आणि तिच्यातली शेवटची ओळ गाळली. चुकून नव्हे. डोळ्यांनी वाचली, तोंडापर्यंत आली आणि गिळली. त्या गिळलेल्या ओळीच्या जोरावर मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा मोसम काढला. आनंदाचा होता, हेही लिहूनच टाकतो. चूक कबूल करणारा माणूस सहसा म्हणतो की त्या सुखाला चव नव्हती. माझ्या सुखाला होती, आणि मी ते बोटं चाटून खाल्लं.

श्रावण लागला की रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराचा वासच बदलतो. दोन महिने नुसत्या उभ्या असलेल्या बोटींना नवा रंग चढतो, त्या ओल्या रंगाचा वास. दुरुस्त करून पसरलेल्या जाळ्यांचा वास. बर्फाच्या कारखान्यातली यंत्रं पुन्हा घरघरू लागली की येणारा तो गार, लोखंडी वास. बाकीच्यांसाठी हे नारळी पौर्णिमेचे दिवस. आम्हा आठ जणांसाठी हा राखायचा मोसम. इथल्या बोटी समुद्रात जायला आणि परदेशातला फुटबॉल सुरू व्हायला एकच गाठ पडते. त्याआधीच्या पंधरवड्यात आम्ही आठ प्रौढ, बरेचसे टकले पुरुष, तीन नावांपायी भरल्या ताटावर विचार करत बसतो आणि घरच्यांची बोलणी खातो.

फॅन्टसी फुटबॉल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळणारे तिकडे खेळतात. आपण इथे बसून त्यांच्यातले प्रत्येकी पंधरा जण आळीपाळीने, एकेका फेरीत एक असे उचलतो आणि कागदावर आपला संघ करतो. तिकडे त्याने गोल मारला की इकडे आपल्याला गुण. बहुतेक ठिकाणी वर्ष संपलं की पाटी कोरी होते. आमची होत नाही. आमच्यात प्रत्येकाने तीन खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखायचे, बाकीचे सोडायचे. हा नियम विश्रामदादांचा. ते पस्तीस वर्षं बोटीवर होते, शेवटी सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे म्होरके. ज्या बंदराला बोट लागेल तिथला फुटबॉल त्यांनी पाहिला. निवृत्त झाल्यावर मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला घर बांधलं आणि या क्रिकेटवेड्या गावातून सात माणसं वेचून काढली. दरवर्षी सगळंच सोडायचं तर जीव कोणावर लावायचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

नियमात एक मेख आहे. ज्याला गेल्या वर्षी पहिल्या फेरीत उचललं त्याला राखायचं तर यंदाची पहिली फेरी खर्ची पडते. शेवटच्या फेरीत उचललेल्याला राखलं तर शेवटचीच जाते. म्हणजे कोणाच्या खिजगणतीत नसताना घेतलेला आणि मग फळाला आलेला खेळाडू हे खरं घबाड. शिवाय एकाला दोनदाच राखता येतं. तिसऱ्यांदा तो सोडावाच लागतो, कितीही जीव जडलेला असो.

तिकडची नावं आमच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून दादांनी एकेकाचं बारसं केलं. एक बचावपटू आहे, तो समोरच्याला असा चिकटतो की सुरीने खरवडल्याशिवाय सुटायचा नाही. तो ‘कालव’, खडकावरचा शिंपला. आणि एक किडमिडीत पोरगा, कडेकडेने पळणारा, वळला की उन्हात चमकणारा, धरला तरी हातातून निसटणारा. तो ‘बांगडा’. ही गोष्ट त्याची आहे. तसं पाहिलं तर त्याचा हिच्याशी काही संबंध नाही. रत्नागिरीत आपल्या नावाने दोन माणसांमध्ये काही घडलं, हे त्याला बापजन्मात कळणार नाही.

नावं चिठ्ठीवर लिहून इकबालभाईंकडे द्यायची. ते बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतात आणि आमच्या लीगची वहीही तेच सांभाळतात. मुदत घड्याळाची नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर पहिली बोट बंदराचा बांध ओलांडून गेली की चिठ्ठ्या उघडायच्या आणि त्याच दुपारी बाकीच्या खेळाडूंची निवड करायची. लीगचा म्हणून एक वेगळा नारळ असतो. गेल्या मोसमात जो जिंकला त्याने तो सोडायचा, बाकीच्या सात जणांनी मागे उभं राहायचं. बक्षीस म्हणायचं तर एवढंच. पण त्या नारळासाठी आम्ही काय काय केलं ते आमचं आम्हाला माहीत. आणि ज्यांनी हा खेळ मांडला, त्या दादांच्या हातात तो नारळ एकदाही आला नव्हता. दोनदा दुसरे आले, एकदा तर शेवटच्या रविवारी हुकला. सत्तरी उलटली होती, काचबिंदूने डोळे जात चालले होते, आणि दर वर्षी ते आमच्या मागे उभे राहून दुसऱ्याच्या हातातला नारळ पाण्यात पडल्याचा आवाज ऐकायचे.

माझी पावस गावात हापूसची बाग आहे, ऐंशी कलमं. हंगामात आजूबाजूच्या बागांचा आंबाही माझ्याच शेडमध्ये निवडायला येतो. फळ हातात घेतलं की अनंताला त्यातला साका कळतो, असं लोक म्हणतात. हापूस बाहेरून सोन्यासारखा असतो, वासही घमघमतो, आणि कापल्यावर आत पांढरट, आंबट, फोफसा निघतो, तो साका. आता कबुलीच द्यायला बसलोय तर हेही सांगतो: साका बाहेरून कोणालाच कळत नाही. मलाही नाही. मी फळ तळहातावर तोलतो, जरा वेळ गप्प राहतो आणि बाजूला ठेवतो. गप्प राहणाऱ्या माणसाला सगळं कळतं, असा लोकांचा समज असतो. मी आयुष्यभर त्या समजावर जगलो.

खेळाडू राखतानाही हीच पंचाईत. गेल्या वर्षीचे गोल दिसतात, यंदाचा साका दिसत नाही. वय पाहायचं, दुखणी पाहायची, नवा प्रशिक्षक आला असेल तर त्याला कसली माणसं आवडतात ते पाहायचं. हे सगळं पाहूनही शेवटी माणूस फसतो तो उपकाराच्या भावनेने. गेल्या मोसमात ज्याने आपल्याला दिवस दाखवले त्याला सोडवत नाही. इकबालभाईंनी एक गोलरक्षक दोनदा राखला, नियमाप्रमाणे सोडला आणि त्याच दुपारी पहिल्या फेरीत पुन्हा उचलला. का, तर तो एकदा हरल्यावर मैदानात बसून रडला होता. भाईंना त्यावरून आम्ही अजून छळतो. ते म्हणतात, तुमच्यातलं कोण माझ्यासाठी रडलंय ते सांगा, त्याला राखतो.

माझी आई बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुडीत बांधून ठेवायची. कोणतं भात खायचं आणि कोणतं राखायचं हे ती मूठभर दाणे परातीत पसरून, एकटक बघत ठरवायची. तेव्हा कोणी तिच्याशी बोलायचं नाही. राखणं म्हणजे पुढच्या वर्षावर विश्वास टाकणं. खाण्यासाठी नुसती भूक पुरते.

तर ती दुपार. दर गुरुवारी मी कामासाठी रत्नागिरीत यायचो आणि काम आटपलं की दादांकडे जायचो. त्यांना उजेड दिसायचा, माणसाचा आकार दिसायचा, अक्षर दिसायचं नाही. फोनवर इंग्रजीत जे काही आलेलं असेल ते मी वाचायचो आणि आपल्या भाषेत सांगायचो. पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. सूनबाईंनी चहा आणि गरम घावणे आणून ठेवले होते. दादांनी कालवाचं विचारून घेतलं, आणखी एकाचं विचारलं आणि म्हणाले, “आता माझ्या बांगड्याचं वाच.”

बांगडा त्यांनी आदल्या वर्षी अगदी शेवटच्या फेरीत उचलला होता. आम्ही हसलो होतो. आणि मग तो पोरगा असा पळाला की आमचं हसू जिरलं. पण चैत्रात त्याचा घोटा मोडला होता. सगळ्यांच्या फोनवर त्याच्या नावापुढे तांबडी खूण होती. मला मात्र त्याच्या गावच्या एका छोट्या वर्तमानपत्राचा पत्ता लागला होता. तिथली बातमी मी वाचू लागलो. घोट्याचं ऑपरेशन झालं. सूज होती. परत कधी उभा राहील याची तारीख द्यायला डॉक्टर तयार नव्हते. आणि सगळ्यात खाली, एका जाहिरातीच्या डोक्यावर, एक ओळ होती.

दादांची एक सवय आहे. वाचून संपलं की ते विचारतात, “आणखी काय?” बोटीवर हाताखालच्या माणसाने काही सांगितलं की असंच विचारायचे म्हणे. शेवटचं तेवढं माणूस पोटात ठेवतो, असा त्यांचा अनुभव.

“आणखी काय?”

मी म्हटलं, “एवढंच.”

त्यांनी पावसाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, “मग सोडूया त्याला. आपण मेले म्हातारे, आपल्याला वाट बघायला वर्षं कुठली?” आणि बांगड्याच्या जागी त्यांनी कालवाच्या जोडीचा एक बरा, थकलेला माणूस राखला.

पौर्णिमेला चिठ्ठ्या उघडल्या, दुपारी निवड झाली. मी बांगडा शेवटच्या फेरीत उचलला, उपकार केल्यासारखा. सगळे पुन्हा हसले. दादा नाही हसले. म्हणाले, “अनंता, पोर लंगडं हाय. सांभाळ त्याला.”

पहिल्याच सामन्याला ते लंगडं पोर मैदानात उतरलं.

काय मोसम होता तो! शनिवारी संध्याकाळचा सामना असायचा, आणि शनिवार उजाडला की मला बागेत हातापायांना पंख फुटल्यासारखं व्हायचं. आश्विनात कलमांखालचं रान काढताना, कार्तिकात मोहराची वाट बघताना, पौषात थंडीने मोहर डवरून आला तेव्हा, माझ्या डोक्यात तो डाव्या कडेने पळत असायचा. मोहराच्या त्या कडवट गोड वासात मला आजही गोल ऐकू येतो. तसा मी अबोल माणूस. लग्नाच्या पंगतीतही माझ्या शेजारी बसलेल्याला कंटाळा येतो. त्या वर्षी मी बाजारात माणसांना थांबवून बोलायचो. बायको एकदा म्हणाली, “अहो, तुम्हाला एवढं मोठ्याने हसता येतं हे मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं.” मलाही कळलं नव्हतं. आठवड्यामागून आठवडा मी वर, बाकीचे खाली. मोसम संपायच्या दोन रविवार आधीच मी जिंकलो.

आणि दादा दर गुरुवारी मला गोल सांगायला लावायचे. कसा वळला, कुठल्या पायाने मारला, मारल्यावर काय केलं. मी सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि सूनबाईंना हाक मारून म्हणायचे, “ऐकलंस काय गो, माझ्या बांगड्याने काय केलंन ते?” ‘माझा’च म्हणायचे. सासरी गेलेल्या लेकीचं कौतुक ऐकावं तसे. तुझ्याकडे सुखात आहे हो, असं एकदा मला म्हणाले. त्या दिवशी मी घावण्याला हात न लावता उठलो. पण पुढच्या शनिवारी मी पुन्हा हसलो.

नारळ मी सोडला. दादा मागे उभे होते. तो पाण्यात पडल्याचा आवाज इतका मोठा असतो, हे पुढे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

त्यानंतर मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. शिक्षा म्हणवत नाही, कारण ती माझी मीच ठरवली होती आणि सोपी होती. दादांना जे वाचून दाखवायचं ते सगळं वाचायचं. जाहिरातीच्या डोक्यावरची ओळसुद्धा. माझ्या नुकसानीची असेल ती आधी वाचायची. दोन वर्षं मी असा वाचत गेलो. मधल्या मोसमात इकबालभाई जिंकले, त्यांच्या त्या रडक्या गोलरक्षकाच्या जिवावर. नियमाप्रमाणे बांगडा मी दोनदा राखला. सोडून द्यावा असं मनात यायचं, पण शेवटच्या फेरीतला बांगडा कोण सोडतो? मी नाही सोडला. हेही लिहून ठेवतो.

आणि मग गेला मे महिना. शेवटचा आंबा उतरला होता. शेडमध्ये पेंढा, पेट्या आणि पिकल्या फळाचा तो डोकं जड करणारा वास. गुणांच्या यादीत मी पहिला, दादा माझ्या मागे, आणि एकच रविवार उरलेला. शनिवारी दुपारी मी त्यांच्या पडवीत बसलो होतो. समुद्र तापलेल्या पत्र्यासारखा दिसत होता, वारा नव्हता. प्रत्येकाला आपल्या संघातून एक कप्तान नेमता येतो, त्याचे गुण दुप्पट होतात. दादांचा कप्तान ठरलेला होता, त्यांचा गोल मारणारा. मी त्याची बातमी वाचत होतो, आणि अगदी खाली एक ओळ आली.

तीच जागा. तोच मी. 

मी वाचली. प्रशिक्षक म्हणतोय की रविवारी त्याला विश्रांती देणार, सुरुवातीला खेळवणार नाही.

दादांनी बोटांवर गुण मोजले. मग म्हणाले, “अनंता, मी कप्तान बदलला तर तू दुसरा येशील.”

“येईन.”

“मग वाचलीस कशाला?”

“होती म्हणून वाचली.”

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. डोळ्यांना दिसत नसलं तरी पाहिलं. तेव्हा सगळं सांगून टाकायची वेळ होती. दार उघडं होतं, पाऊल टाकायचं बाकी होतं. मी चहाचा कप उचलला. आणि दादा गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, “लिही. कप्तान कालव.”

दोनदा राखून सोडावा लागलेला कालव दादांनी निवडीत पुन्हा उचलला होता, पण बचावपटूला कप्तान कोणी करत नाही. इकबालभाईंना कळवलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. सोमवारी सकाळी मी शेडमध्ये पेट्या बांधत होतो तेव्हा भाईंचा फोन आला. माझ्या बांगड्याने एक गोल मारला होता. आणि दादांच्या कालवाने समोरच्या माणसांना हलू तर दिलं नव्हतंच, वर कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर डोकं घालून गोलही मारला होता. सगळं दुप्पट. मी चार गुणांनी हरलो.

मी शेडमध्ये ओरडलो. पेट्या बांधणाऱ्या बाया घाबरून उठल्या, त्यांना वाटलं साप निघाला. मी हरलोय, असं त्यांना सांगितलं तर त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाली, उन्हात बसू नका म्हणून सांगत होते ना यांना. मी सगळ्यांना एकेक पिकला आंबा कापून दिला. एकातही साका निघाला नाही. जिंकलो होतो त्या वर्षी मी मोठ्याने हसलो होतो. या सकाळी मी त्याहून मोठ्याने हसलो, आणि या वेळी हसताना मला मागे वळून पाहावंसं वाटलं नाही.

परवा पौर्णिमा झाली. सकाळी पाऊस उघडला. बोटी रंगलेल्या, पताका लावलेल्या, जेटीवर पाय ठेवायला जागा नाही. दादांनी पांढरा सदरा घातला होता आणि जुनी, बोटीवरची टोपी. मी त्यांचा कोपर धरून त्यांना कडेपर्यंत नेलं. नारळ आम्ही नमस्कार करून हलकेच सोडतो. दादांनी कपाळाला लावला आणि सारंगाने दोर फेकावा तसा पूर्ण हात फिरवून फेकला. आम्ही सात जण मागे उभे. पाण्याचा आवाज आला.

“किती लांब गेला रे?” त्यांनी विचारलं.

इकबालभाई म्हणाले, “दादा, थेट बांधापर्यंत.”

“चल मेल्या,” दादा म्हणाले. “अनंता, तू सांग. तू खरं सांगतोस.”

“पंधरा हात, दादा.”

“खूप झाले,” म्हणाले, आणि हसले. सत्तरी पार केलेल्या माणसाचा चेहरा असा उजळलेला मी दुसरा पाहिलेला नाही. कोणीतरी भोंगा वाजवला, मग सगळ्याच बोटींनी वाजवले. पहिली बोट बांध ओलांडून गेली.

दुपारी निवड झाली. माझं दोनदा राखून झालेलं होतं, बांगडा मोकळा होता. दादांनी पहिल्याच फेरीत त्याचं नाव घेतलं. जो एकदा शेवटच्या फेरीत त्यांचा होता, त्याच्यासाठी पहिली फेरी दिली आणि खूश झाले. परतताना माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, त्या वर्षी डॉक्टर तारीख देईनात आणि पोर इतक्या लवकर कसं रे उभं राहिलं? मी म्हटलं, बरा झाला. आणखी काय, असं त्यांनी विचारलं. पुढून मिरवणूक येत होती, मी त्यांना बाजूला घेतलं आणि ते राहून गेलं.

हा लेख छापून आला तर दादांना तो मीच वाचून दाखवायला हवा. गुरुवारी जाईन. पडवीत बसेन आणि यातलं काहीही न गाळता वाचेन.

ती ओळ अशी होती: “गेल्या आठवड्यापासून तो संघाबरोबर पळू लागला आहे आणि पहिल्या सामन्याला नक्की उभा राहील.”

एवढी एक ओळ मी विश्रामदादांना देणं लागतो.